फुटपट्टीने घडवलेला ट्रक

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक फोटो दाखवतो. १९७०च्या दशकातला अमेरिकी ट्रक. उभं सपाट तोंड, मधोमध दांडी असलेली दोन तुकड्यांची काच, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रिवेटांच्या ओळी, छपरावर केशरी दिव्यांची रांग, आणि ड्रायव्हर जवळजवळ पहिल्या मजल्यावर बसलेला. मग सांगतो, की असा ट्रक कुणाच्या शेताच्या बांधाला गंजत पडलेला सापडला, तर तिकडे हौशी माणसं तो उचलून न्यायला लांबून येतात आणि पुढची काही वर्षं त्याच्यावर घालवतात. यंदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण हा तर आपला साधाच ट्रक आहे. तोंड चपटं, इंजिन केबिनखाली. बायपासला उभं राहिलं तर मिनिटाला दहा दिसतात. ह्यात वेड लागण्यासारखं काय आहे?"

प्रश्न रास्त होता. मी मात्र "जुन्या गोष्टींचं आकर्षण असतंच" असलं काहीतरी गुळमुळीत बोललो, आणि ते त्याला पटलं नाही हे दिसत होतं. मलाही पटलं नव्हतं. जुने तर नाकवाले ट्रकही झाले, मग ह्याच चपट्या तोंडाबद्दल वेगळा जिव्हाळा का? म्हणून हे प्रकरण नीट मांडायला घेतलं. उदाहरणासाठी कंपनी निवडली पोर्टलंडची फ्रेटलायनर, कारण तिचं पहिलं पाव शतक ह्याच एका घाटाच्या ट्रकवर उभं आहे.

शब्दांचं आधी उरकून घेतो. केबिन इंजिनाच्या वर बसवली की तो कॅबओव्हर. इंजिन केबिनच्या पुढे लांब बॉनेटखाली असेल तर तिकडे त्याला कन्व्हेन्शनल म्हणतात. वर्गात मी पहिल्याला चपटतोंड्या आणि दुसऱ्याला नाकाड म्हणतो. परीक्षेत लिहू नका एवढं सांगतो, तरी दोघंतिघं लिहितातच.

वाहतूकदारानेच कारखाना काढला

लेलँड जेम्स यांची कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज ही मालवाहतूक कंपनी १९२९ साली ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला सुरू झाली. पश्चिम अमेरिकेत माल न्यायचा म्हणजे डोंगर चढायचे. तेव्हाचे ट्रक वजनाला जड आणि ताकदीला बेताचे. जेम्स यांचं म्हणणं सरळ होतं: गाडीचं स्वतःचं वजन कमी करा, तेवढा माल जास्त भरता येईल आणि घाटात दमही कमी लागेल. त्यांना ॲल्युमिनियमचा ट्रक हवा होता. ट्रक बनवणाऱ्या प्रस्थापित कंपन्यांनी ते मनावर घेतलं नाही.

तेव्हा त्यांनी सॉल्ट लेक सिटीला स्वतःच ट्रक बांधायला घेतले. पण दुसरं महायुद्ध पेटलं, ॲल्युमिनियम विमानांना लागू लागलं, आणि हा उद्योग बंद पडला. १९४७ मध्ये पोर्टलंडला तो फ्रेटलायनर कॉर्पोरेशन नावाने पुन्हा उभा राहिला. तोवर ट्रक बनायचे ते मालक कंपनीच्याच ताफ्यासाठी. १९५० मध्ये पहिला ट्रक बाहेर विकला गेला, तो पोर्टलंडच्याच हायस्टर या फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला. तो ट्रक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन ह्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुढच्याच वर्षी व्हाइट मोटर कंपनीशी करार झाला: बनवणार फ्रेटलायनर, विकणार आणि दुरुस्त करणार व्हाइट. १९७७ पर्यंत ह्या ट्रकांच्या तोंडावर 'व्हाइट-फ्रेटलायनर' असं जोडनाव असायचं ते ह्यामुळे.

ह्यातली एक गोष्ट मुलांना अधोरेखित करायला सांगतो. इथे बनवणारा आणि वापरणारा एकच आहे. जो माणूस महिनाअखेर डिझेलचं बिल आणि भाड्याची पावती समोरासमोर ठेवून बसतो, त्यानेच ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिल धरलेली आहे. असा माणूस शोभेचं नाक ठेवत नाही.

पंचावन्न फुटांचं गणित

अमेरिकेत तेव्हा ट्रकच्या लांबीचा नियम ज्या त्या राज्याचा असायचा. पूर्वेकडच्या पुष्कळ राज्यांत साठच्या दशकात मर्यादा होती ५५ फूट. पश्चिमेकडे हात जरा सैल, साठ-पासष्ट. महत्त्वाचं हे, की फुटपट्टी लावायची ती पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत. भाडं मात्र मिळायचं ते ट्रेलरमधल्या जागेचं. म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीने खाल्लेला प्रत्येक इंच मालकाच्या खिशातून जायचा.

फळ्यावर हे असं मांडतो. एकूण ५५ फूट. ट्रेलर धरा ४० फुटांचा. उरले १५. केबिनची पाठ आणि ट्रेलरचं तोंड ह्यांत थोडी मोकळी जागा लागते, नाहीतर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला भिडेल. ती धरा ४ फूट. हातात राहिले ११ फूट. एवढ्यात इंजिनाचं लांब नाक, त्यामागे ड्रायव्हर, त्यामागे झोपायचा बिछाना, हे सगळं कोंबून बघा. कोंबता येतं, पण कुणाचे तरी गुडघे वर येतात.

आता नाक कापा, ड्रायव्हरला इंजिनावर बसवा. बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत ८६ इंच, म्हणजे ७ फूट २ इंच, एवढ्यात केबिन आणि बिछाना दोन्ही बसतात. ११ फुटांतून ७ फूट २ इंच गेले, ३ फूट १० इंच वाचले. ते ट्रेलरला जोडा. ट्रेलर ८ फूट रुंद आणि आतून तितकाच उंच धरला, तर ढोबळ मानाने २४५ घनफूट जास्तीची जागा झाली, दर खेपेला, वर्षानुवर्षं, तेवढ्याच ड्रायव्हरच्या पगारात.

पश्चिमेकडे दोन छोटे ट्रेलर एकामागे एक जोडायची पद्धत होती. तिथलं गणित आणखी कडक. २७ अधिक २७, झाले ५४. मर्यादा ६५. उरलेल्या ११ फुटांत दोन ट्रेलरमधली फट, पहिला ट्रेलर आणि केबिन ह्यांतली फट, आणि मग केबिन. प्रत्येक फट तीन-साडेतीन फूट धरली तर केबिनच्या वाट्याला चार-पाच फूट येतात. खरोखरच ४८ इंची केबिन बनायच्या! बंपरपासून पाठीपर्यंत चार फूट. आपल्या एकेरी पलंगाच्या रुंदीहून थोडी जास्त. जीएमसीच्या १९५९ ते १९६८ मधल्या अशाच ठोकळ्याला लोकांनी नाव दिलं होतं 'क्रॅकरबॉक्स', बिस्किटांचा डबा.

आणि बिछाना? लांबीत जागा नाही म्हटल्यावर फ्रेटलायनरने १९५३ मध्ये तो छपरावर नेला. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पेटीवजा खोली. आडवं वाढता येत नाही म्हणून उभं वाढलेलं घर. मुंबईतल्या पोटमाळ्यावर वाढलेल्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

हा सगळा हिशेब झाला की मी पुन्हा पहिला फोटो लावतो. आता ते तोंड तेच राहत नाही. सपाट का? इंच वाचवायला. उंच का? इंजिन खाली आहे. रिवेट का? पत्रा ॲल्युमिनियमचा, वजन वाचवायला. काच उभी का? तिरकी केली तर पुन्हा इंच जातात. चित्रकाराने कुठेही मोकळा हात फिरवलेला नाही.

वाकणारी केबिन

इंजिनावर केबिन बसवली की पुढचा प्रश्न मेकॅनिकचा: इंजिन उघडायचं कुठून? सुरुवातीच्या कॅबओव्हरमध्ये केबिन पक्की बसवलेली असायची. आत शिरायचं, दोन सीटमधला इंजिनावरचा खोका उघडायचा आणि डोकं खाली घालून काम करायचं. तेलकट हात, अंधार, आणि पाठ मोडलेली.

व्हाइट कंपनीने १९४९ मध्ये आपल्या ३००० मॉडेलला यांत्रिक मदतीने पुढे कलणारी केबिन दिली. फ्रेटलायनरने १९५८ मध्ये केबिन पार ९० अंशांत कलेल अशी केली आणि पुढच्या वर्षी पीटरबिल्ट ही दुसरी ट्रक कंपनीही तिथे आली. आता केबिन नाकावर पालथी पडल्यासारखी उभी राहायची आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं. यांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने हे एकदा तरी बघावं. नाकाडाचं बॉनेट उघडल्यावर दिसतं त्याहून कितीतरी जास्त दिसतं: क्लचपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं, भिंतीवर टांगलेल्या तक्त्यासारखं.

फक्त केबिन कलवण्याआधी आतलं सामान आवरायचं. डबा, थर्मास, बूट, कागदपत्रं, जे मोकळं असेल ते सगळं धडाधड पुढच्या काचेवर येऊन पडतं. ही चूक प्रत्येक जण एकदाच करतो म्हणतात. मला ते 'एकदाच' जरा उदार वाटतं.

आत बसणाऱ्याची बाजू

प्रकरण प्रामाणिक ठेवायचं तर ड्रायव्हरची तक्रार इथेच नोंदवली पाहिजे, कारण पुढचा सगळा निकाल तिच्यावर लागतो.

चपटतोंड्यात ड्रायव्हर पुढच्या आसाच्या, म्हणजे ॲक्सलच्या, डोक्यावर बसतो. नाकाडात तो दोन आसांच्या मधे कुठेतरी असतो, त्यामुळे खड्ड्याचा दणका पोचेपर्यंत चेसिसने थोडा गिळलेला असतो. इथे तो थेट मणक्यात. चढायचं तर चाकाला वळसा घालून, उभ्या पायऱ्यांना लोंबकळत, बर्फात किंवा पावसात. दोन सीटच्या मधे इंजिनाचा तो खोका, म्हणजे मागच्या बिछान्यावर जायचं तर त्याच्यावरून सरपटत. उन्हाळ्यात त्याची धग, बाराही महिने त्याचा आवाज. आणि समोरासमोर धडक झालीच, तर पाय आणि समोरचा बंपर ह्यांच्यामध्ये पत्र्याशिवाय काही नाही.

ही धग आपल्याला परकी नाही. एसटीच्या जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी रेक्झिनने मढवलेला इंजिनाचा उंचवटा असायचा आणि गर्दी झाली की ड्रायव्हरकाका पोरांना "बसा रे बॉनेटवर" म्हणायचे. हिवाळ्यात पहाटेच्या गाडीला ती राजाची जागा. मे महिन्यात त्याच जागेवरून उठताना चड्डी चिकटलेली असायची. आता नव्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, २०२५ पासून. त्या नियमामागे किती उन्हाळे आहेत हे बॉनेटवर बसलेल्यांनाच कळेल.

तर अमेरिकी ड्रायव्हरने हे सगळं वीस-तीस वर्षं सोसलं, कारण पर्याय नव्हता. मालकाला चपटतोंड्या हवा होता, मालकाला तो नियमामुळे हवा होता, आणि नियम राज्याचा होता.

फुटपट्टी सरकली

पहिला धक्का वजनाच्या बाजूने आला. १९५६च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांवर एकूण वजनाची कमाल ठरवली होती ७३,२८० पौंड. जानेवारी १९७५ पासून ती ८०,००० झाली, पण सोबत पुलांच्या रक्षणासाठी एक सूत्र आलं. आसांमधलं अंतर फुटांत 'ल' आणि आसांची संख्या 'न' धरली, तर परवानगीचं वजन पौंडांत असं निघतं:

वजन = ५०० × [(ल × न) ÷ (न − १) + १२ × न + ३६]

पाच आसांची गाडी, पहिल्या आसापासून शेवटच्यापर्यंत ५१ फूट. करून बघा: ७९,८७५, म्हणजे जवळच्या पाचशेला नेलं की बरोबर ८०,०००. आसांमधलं अंतर कमी झालं की आकडा खाली घसरतो. वजन लांबीवर पसरलेलं असलं तर पुलाच्या एकाच तुळईवर भार येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. पण गंमत पाहा: राज्याचा नियम म्हणे आखूड हो, केंद्राचं सूत्र म्हणे लांब हो, तर वजन देतो. बिचारा ट्रक दोन्ही कान दोघांच्या हातात देऊन उभा.

दुसरा धक्का निर्णायक होता. ६ जानेवारी १९८३ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. वर्ष बदलायच्या आत संमत झाल्यामुळे तो १९८२चा कायदा म्हणून ओळखला जातो. त्याने राज्यांना सांगितलं, की आंतरराज्य महामार्गांवर आणि ठरवून दिलेल्या रस्त्यांवर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची एकूण लांबी मोजायचीच नाही. मोजा फक्त ट्रेलर, आणि तो किमान ४८ फुटी तरी चालू द्या. जोडीने असतील तर प्रत्येकी २८ फुटी. फुटपट्टी बंपरवरून उचलली आणि ट्रेलरच्या तोंडाला लावली. बस, एवढंच केलं.

त्या क्षणापासून नाक फुकट झालं. पुढची गाडी दहा फुटांची असो की वीस, माल तितकाच. आता मालकाला विचार करायचा होता तो फक्त ड्रायव्हर टिकवण्याचा आणि डिझेलचा. ड्रायव्हरचं मत वर आलेलंच आहे. डिझेलच्या बाजूने १९८५ मध्ये केनवर्थ ह्या ट्रक कंपनीने टी-६०० काढला. उतरतं, निमुळतं नाक. लोकांनी त्याला 'मुंगीखाऊ' म्हणून हिणवलं आणि मग रांगेत उभं राहून विकत घेतला. हवा कापणारं नाक फायद्याचं ठरलं आणि हवेला छाती देणारं तोंड तोट्याचं.

फ्रेटलायनरचं काय झालं? ज्या कंपनीने सगळा पैसा चपट्या तोंडावर लावला ती बुडायला हवी होती. बुडाली नाही, कारण कायद्याच्या आठ-नऊ वर्षं आधी, १९७४ मध्ये, तिने आपला नाकाड बाजारात आणून ठेवला होता. दूरदृष्टी होती की नुसती सावधगिरी, ह्यावर वर्गात दर वर्षी भांडण होतं. तिला खरा त्रास झाला तो दुसऱ्या कारणाने. १९७७ मध्ये व्हाइटशी असलेला करार संपला आणि विक्रीचं जाळं स्वतः विणायची वेळ आली. १९८१ मध्ये डाइमलर-बेंझने कंपनी विकत घेतली. म्हणजे लांबीचा नियम बदलला तेव्हा पोर्टलंडच्या कारखान्याचे मालक जर्मन होते, ज्यांच्या स्वतःच्या देशात लांब पल्ल्याचा मोठा ट्रक म्हणजे बहुतेक चपटतोंड्याच.

१९९८चा निर्णय

प्रकरणातलं सर्वांत विचित्र पान हे. नियम बदलून पंधरा वर्षं झालेली. रस्त्यावर नाकाडांचं राज्य. अशा वेळी, १९९८ मध्ये, फ्रेटलायनरने नवा कोरा कॅबओव्हर आणला: आर्गोसी.

त्यात ड्रायव्हरची जवळजवळ प्रत्येक तक्रार ऐकलेली दिसते. आतली जागा मोठी, इंजिनाचा उंचवटा खाली दाबलेला, तोंडाला गोलाई. सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे पायऱ्या: दार उघडलं की त्या जिन्यासारख्या बाहेर वळून यायच्या, लोंबकळायला नको. अभियांत्रिकी म्हणून माझ्या मते हा अमेरिकेत बनलेला सर्वांत शहाणा कॅबओव्हर.

आणि तरी तो तिथे चालला नाही. २००६ मध्ये उत्तर अमेरिकेतली विक्री थांबली. केनवर्थचा के-१०० त्याआधी २००२ मध्ये तिथून गेला होता, पीटरबिल्टचा ३६२ २००५ मध्ये. ज्या मालवाहतूक कंपनीच्या पोटातून हे सगळं निघालं, ती कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज तर २००२ मध्येच दिवाळखोरीत निघाली होती.

आर्गोसी का हरला, ह्यावर मुलांची उत्तरं बहुतेक "मार्केटिंग" ह्या शब्दाने सुरू होतात. मला ते पटत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कॅबओव्हर जन्मला, तो प्रश्नच १९८३ मध्ये पुसला गेला होता. उत्तर कितीही देखणं केलं, तरी विचारणारं कुणी नव्हतं.

मागच्या बाकावरचा प्रश्न

आता वेडाकडे. हा ट्रक ज्यांना आवडतो ते काय काय सांगतात, ते बरंचसं ऐकलेलं-वाचलेलं आहे, आणि त्यातलं सगळं मला सारखं वजनदार वाटत नाही.

आवाज हे एक कारण. सत्तरच्या दशकातल्या कित्येक चपटतोंड्यांत डेट्रॉइट डिझेलचं ८ व्ही-७१ इंजिन असायचं: आठ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, ३१८ अश्वशक्ती, आणि टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून दोन हजार फेऱ्यांना ते चार हजार फेऱ्यांसारखं किंचाळतं. ताकदीच्या मानाने आवाज फार. आवाज ऐकून मॉडेल ओळखणारे लोक तिथे आहेत, जसे आपल्याकडे बुलेट ओळखणारे. पण हे इंजिन नाकाडांतही होतं, तेव्हा हे कारण पुरं पडत नाही.

दुसरं कारण लहानपण. १९८४ साली बाजारात आलेलं ऑप्टिमस प्राइम नावाचं खेळणं, यंत्रमानवाचा ट्रक होणारं, ते लाल चपटतोंड्याच होतं. आणि पुढे २००७ साली मोठ्या पडद्यावर त्याच पात्राला पीटरबिल्टचा लांब नाकाचा ट्रक केलं, तेव्हा जुनी मंडळी चिडली. एका पिढीच्या मनात 'ट्रक' ह्या शब्दासमोर जे चित्र आहे ते चपट्या तोंडाचं आहे, आणि रस्त्यावर ते कुठेच दिसत नाही. हे कारण खरं आहे, पण ते वयाच्या एका पट्ट्यापुरतं.

तिसरं दुर्मीळपणा. जोवर कामाचे होते तोवर राबवले, मग कवडीमोलाने विकले, भंगारात घातले, परदेशी पाठवले. नाकाड जपून ठेवणारे पहिल्यापासून होते. चपटतोंड्या जपावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. म्हणून आता उरलेल्यांना भाव. अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी १९७१ पासून आहे आणि तिच्या वार्षिक मेळ्यात, किंवा आयोवातल्या वॉलकॉटच्या जुलैमधल्या जत्रेत, असा एखादा धुऊनपुसून उभा केलेला ट्रक आला की भोवती गर्दी होते. तिथे केबिन कलवून ठेवतात, पालथी. लोक रंगाऐवजी आत वाकून बघत असतात.

ते वाकून बघणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि मुलाला द्यायचं उत्तरही त्यातच आहे. आज कुठल्याही नव्या गाडीसमोर उभं राहून "हे असं का?" विचारलं, तर अर्ध्या गोष्टींचं उत्तर 'दिसायला' असं येतं. ह्या ट्रकाला कुठेही बोट लावा, कारण मिळतं, आणि ते कारण फुटाइंचात असतं. छपरावरची खोली म्हणजे २७ अधिक २७. ४८ इंची केबिन म्हणजे ६५ वजा ५४ वजा दोन फटी. एखाद्या राज्याच्या विधिमंडळात बसून कुणीतरी ठरवलेला आकडा इथे पत्र्यात वाकवलेला दिसतो. आपण कोकणातलं जुनं घर बघतो तेव्हा उतरत्या छपरात पाऊस दिसतो, तसं.

आणि मागच्या बाकावरच्या मुलाला तो साधा का वाटला, हेही त्यातूनच कळतं. आपल्याकडे नाकवाले ट्रक मागे पडले आणि चपटे कायमचे झाले. ज्याला पर्याय दिसत नाही त्याच्या आकाराकडे कुणी बघत नाही. अमेरिकेत तो एका नियमाबरोबर आला आणि त्याच्याबरोबर गेला. गेल्यामुळे तो डोळ्यात भरला.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट सुटलेली नाही. मेळ्यांत हे ट्रक घेऊन येणाऱ्यांत पुष्कळसे निवृत्त ड्रायव्हर असतात. त्या खोक्यावरून सरपटत बिछान्यावर गेलेले, मणके झिजलेले. त्यांनीच १९८३ नंतर हात वर करून नाकाडाला मत दिलं, आणि त्यांच्यातलेच काही आता पेन्शनचे पैसे घालून चपटतोंड्याला चकाकी देतात. त्यांना तो परत रोज चालवायचा नाही. रविवारी, रिकामा, ट्रेलर न जोडता, वीस मैल. हा ढोंगीपणा नाही हे मला ठाऊक आहे. मोट सोडून मोटर बसवल्यावर विहिरीचं जुनं चाक अंगणात रंगवून ठेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत; त्यांच्या तळहातावर घट्टे तेवढेच होते.

मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सर, नियम परत आला तर ट्रक परत येईल?"

त्यासाठी नियम परत यायची गरज नाही, तो काही ठिकाणी गेलेलाच नाही. युरोपात ट्रेलरसकट एकूण लांबी अजून साधारण १६.५ मीटरला बांधलेली आहे. ऑस्ट्रेलियात दोन ट्रेलरची गाडी २६ मीटरमध्ये बसवायची आणि तिच्यात ३४ पॅलेट, म्हणजे माल रचायच्या चौकटी, मावल्या पाहिजेत, असं गणित आहे. ते नाक ठेवून सुटत नाही. म्हणून अमेरिकेत हरलेला आर्गोसी तिकडे २०२० पर्यंत विकला जात होता, आणि मेलबर्नजवळ बेजवॉटरच्या कारखान्यात केनवर्थ आजही के-२०० चा वारस, के-२२०, बांधतं. त्याच्या पायऱ्या अजून चाकाशेजारून उभ्या चढतात.

मुलाने वहीत लिहून घेतलं: ६५ वजा ५४. खाली २६ मीटर, फुटांत किती, असं प्रश्नचिन्ह. पंच्याऐंशी फूट चार इंच, मी सांगितलं.